हायलाफॅक्ससाठी मोडेम जोडताना

लिनक्सवर स्वतःचा फॅक्स सर्व्हर उभारायचाय? हायलाफॅक्स हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी उत्तम. खरी मेख असते ती मोडेममध्ये!

🔹 खरेदी: सगळं काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलणारे स्वस्त ‘विनमोडेम’ टाळा. स्वतःचा कंट्रोलर असलेला सीरियल किंवा यूएसबी मोडेम घ्या.

🔹 चाचणी: मिनिकॉम हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडून ‘एटी’ टाइप करा. ‘ओके’ आलं की संपर्क जुळला. मग ‘एटी+एफक्लास=?’ द्या. उत्तरात १ असेल, तर फॅक्सची बोलणी सॉफ्टवेअर सांभाळू शकतं; २ किंवा २.० असेल, तर त्यातलं बरंचसं काम मोडेम स्वतः करू शकतो. चाचणी झाली की मिनिकॉम बंद करा, नाहीतर पोर्ट अडकून राहतो.

🔹 जोडणी: ‘फॅक्सअ‍ॅडमोडेम’ ही हायलाफॅक्सची कमांड चालवा, पोर्ट, फॅक्स नंबर आणि देशाचा कोड (भारतासाठी ९१) भरा.

🔹 फॅक्स जातो, पण येत नाही? मोडेमच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘रिंग्जबिफोरआन्सर’ ० असेल, तर मोडेम फोन उचलतच नाही. तिथे १ करा. येणारे फॅक्स घेणारा ‘फॅक्सगेटी’ प्रोग्रॅम चालू आहे ना, तेही बघा.

इंटरनेट फोनवर आवाज दाबणारे कोडेक फॅक्सचे सूर बिघडवतात. म्हणून अशी लाइन घेण्याआधी टी.३८ ची (इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्याच्या मानकाची) सोय आहे का, हे नक्की विचारा.