माळ्यावरचीं काडतुसें

टेंभी नाक्याजवळ आमच्या एका स्नेह्यांचा जुना दुमजली वाडा होता. तीन भावांचीं बिऱ्हाडें, एक चूल आणि मागील बाजूस गोठा, असा त्याचा थाट. काळमानाप्रमाणें त्या जागीं नवी इमारत उभारण्याचें ठरलें आणि गोठ्यावरचा माळा रिकामा करण्याचें काम निघालें. मोडक्या समया, घंगाळें आणि पंचांगांचे गठ्ठे ह्यांच्या तळाशीं एक सागवानी पेटी सांपडली. आंत हिरव्या मखमलीच्या खोबणींत शिशाच्या गोळ्या ओतण्याचा साचा, दारू मोजण्याचें पितळी माप, केप बसविण्याचा चिमटा आणि एकोणीस काडतुसें होतीं. स्नेह्यांचे पणजोबा जंगलखात्यांत होते. त्यांच्या पश्चात् बंदूक सरकारजमा झाली. तिची पावतीही घरांत आहे. ह्या पेटीची मात्र कोणास आठवण राहिली नव्हती.

काडतुसें पाहतांच घरांत दोन पक्ष झाले. धाकट्या मंडळींस तीं कांचेच्या कपाटांत मांडावयाचीं होतीं. वडील मंडळींस तीं भांड्यांबरोबर मोडींत घालावयाचीं होतीं. त्यांत अमेरिकेंत असलेल्या पुतण्यानें दूरध्वनीवर कळविलें कीं, तिकडे अशीं बंद पडलेलीं काडतुसें पुन्हां भरून नेमबाजी करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. तरी तीं टाकूं नयेत. आम्ही त्या दिवशीं तेथें असल्यामुळें आमचेंही मत विचारण्यांत आलें. तें देण्यापूर्वीं आम्हांस जें वाचावें लागलें, त्याचें सार येथें देत आहों. कारण असे माळे आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं असतील.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेईपर्यंत येथें त्यांचाच अंमल होता. १८५७ सालीं ज्या काडतुसांनीं वणवा पेटविला तीं कागदाचीं होतीं. दातांनीं फोडून दारू नळींत ओतावयाची आणि वरून गोळी ठासावयाची. पुढें पितळी काडतूस आलें. त्यांत पुंगळी, केप, दारू आणि गोळी हीं चारही एकत्र असतात. बार झाला म्हणजे दारू जळते, गोळी जाते, केप निकामी होते. पण पुंगळी हातीं राहते. ती पुन्हां भरतां येते, आणि काडतुसें विलायतेहून येत त्या काळीं रानांत फिरणारा मनुष्य ती भरून घेई. पेटींतील साचा आणि माप ह्यांचें प्रयोजन हेंच.

मग हीं काडतुसें बंद कां पडलीं? एक कारण शास्त्राचें. १८७१ मध्यें ब्रिटिश फौजेनें घेतलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकीची गोळी ४८० ग्रेनांची, म्हणजे अडीच तोळ्यांहून अधिक वजनाची होती; तिच्यामागें सोरा, गंधक आणि कोळसा ह्यांची काळी दारू असे. १८८४ मध्यें फ्रान्सांत व्येय ह्या रसायनशास्त्रज्ञानें बिनधुराची दारू सिद्ध केली, आणि थोड्याच वर्षांत लहान व वेगवान गोळ्यांचें युग आलें. दुसरें कारण कायद्याचें. मार्टिनीच्या गोळीस उपयोगी पडेल असा माल बंडखोरांच्या हातीं जाऊं नये म्हणून १९०७ च्या सुमारास सरकारनें हिंदुस्थानांत ४५० बोअरवर बंदी घातली. विलायती कारखानदारांनीं तत्काळ ४६५ व ४७० बोअरच्या रायफली काढल्या. परंतु ज्यांच्याजवळ जुन्या होत्या त्या पोरक्या झाल्या. आमच्या स्नेह्यांच्या पेटींतील काडतुसें ह्याच ४५० बोअरचीं.

ह्याच्या उलट ३१५ बोअरची कथा आहे. तें मूळचें ऑस्ट्रियन फौजेचें आठ मिलिमीटरचें मान्लिखर काडतूस. फौजेचें ३०३ काडतूस येथील प्रजेस निषिद्ध असल्यामुळें त्याच्या जागीं हें परकें काडतूस आलें. १९१८ मध्यें ऑस्ट्रियाचें साम्राज्य लयास गेलें; पण स्वातंत्र्यानंतरही बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यानें परवानाधारकांसाठीं ह्याच बोअरच्या रायफली केल्या. एका काडतुसास कायद्यानें मारलें, दुसऱ्यास कायद्यानेंच जगविलें!

आतां परदेशांतील हौशी लोक काय करितात तें पाहूं. मार्टिनीच्या पुंगळ्या मिळत नाहींत, तेव्हां ते २४ बोअरच्या पितळी पुंगळ्या साच्यांत दाबून त्यांस तो आकार देतात. दाबानें पितळ कठीण व ठिसूळ होतें, हें आपल्याकडील कोणताही तांबट सांगेल. तो जसें भांडें ठोकतांना मधून मधून तापवून मऊ करितो, तसेंच हे लोक पुंगळीचें तोंड तापवितात. बूड मात्र पाण्यांत ठेवितात, कारण तें मऊ पडल्यास बाराचा दाब सोसणार नाहीं. काम चिकाटीचें आहे, आणि त्यांत दोन मोठे धोके आहेत. पहिला दारूचा. काळ्या दारूच्या मापानें बिनधुराची दारू भरली तर दाब इतका वाढतो कीं जुनी नळी फुटून बार उडविणाऱ्याचाच हात जावयाचा. दुसरा केपेचा. जुन्या केपांत पाऱ्यापासून केलेलें स्फोटक असे. सोन्याच्या बांगडीस पारा लागला तर काय होतें हें आमच्या भगिनीवर्गास सांगावयास नको. तोच पारा पुंगळीच्या पितळांत शिरून तें आंतून कुजवितो. वरून पुंगळी लखलखीत दिसते.

परंतु आमच्या स्नेह्यांच्या घरचा प्रश्न सोडविला तो तिसऱ्याच गोष्टीनें. हिंदुस्थानांतील ब्रिटिश फौजा पावसाळ्यांत मोहिमा थांबवीत आणि काडतुसें घोड्यांच्या तबेल्यांत ठेवीत. पाऊस सरल्यावर पाहावें तों पुष्कळ काडतुसें गळ्याशीं तडकलेलीं! कोणी हात लावला नाहीं, कोणी आपटलीं नाहींत. ह्याचा उलगडा १९२१ मध्यें मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन ह्या तिघांनीं केला. जनावरांच्या मूत्रांतून अमोनिया वायु निघतो. घडवितांना पितळांत जो ताण राहिलेला असतो त्यावर ह्या वायूचा परिणाम होऊन तें आपोआप चिरतें.

हें वाचल्यावर आम्ही पुन्हां वाड्यांत गेलों. काडतुसांस हात न लावतां पेटी उजेडांत ठेवून भिंगांतून पाहिलें. एकोणिसांपैकीं सात काडतुसांच्या गळ्याशीं केसासारख्या चिरा होत्या. माळा गोठ्यावरचा, हें तेव्हां सर्वांच्या ध्यानीं आलें. जीं काडतुसें मुलें दोन दिवस हातांत खेळवीत होतीं आणि जीं उद्यां मोडवाल्याच्या भट्टींत जावयाचीं होतीं, त्यांची ही अवस्था!

तरीही धाकट्यांचा आग्रह सुटेना. आठवण म्हणून दोन तरी ठेवूं, असें त्यांचें म्हणणें. तेव्हां घरांतील वडील काकू बोलल्या. “आमच्या आजेसासूबाई सांगत, ह्या पेटीची किल्ली आजेसासरे जानव्याला बांधून ठेवीत. पोटच्या मुलांना पेटीजवळ फिरकूं देत नसत. त्यांनीं ज्यापासून स्वतःच्या मुलांना राखलें, तें तुम्ही नातवंडांच्या कपाटांत मांडणार?” ह्यावर कोणी बोललें नाहीं.

कायदाही काकूंच्याच बाजूस आहे. १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्याप्रमाणें परवान्यावांचून काडतूस करणें वा बाळगणें गुन्हा आहे. इतकेंच नव्हे, तर काडतुसाचे भाग आणि तें करण्याचीं साधनें ह्यांचाही दारूगोळ्यांतच समावेश होतो. जुनें म्हणून सूट मिळते ती दुरुस्त करूनही चालणार नाहीं अशा हत्यारास, काडतुसास नव्हे. वारसाच्या हातीं अशी वस्तु आली तर ती विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यांत जमा करण्याची तरतूद आहे. स्नेह्यांनीं पेटी कोठेंही न हलवितां प्रथम ठाण्यांत वर्दी दिली आणि मागून लेखी अर्ज दिला. काडतुसें, साचा, माप आणि चिमटा हीं सर्व यादी करून स्वाधीन केलीं, व तिची पावती पणजोबांच्या बंदुकीच्या पावतीशेजारीं ठेविली. रिकामी पेटी तेवढी नव्या घरीं जावयाची आहे.

काटकसर हा आपल्या घरांचा गुण आहे. जुनें लुगडें गोधडीस लागतें, फुटकें भांडें मोडींत जातें; टाकावयाचें म्हणून आपण कांहीं टाकीत नाहीं. परंतु काडतूस ही वस्तु ह्या हिशेबांत बसत नाहीं. वर्षें लोटलीं म्हणून तिच्यांतील दारू निरुपद्रवी होत नाहीं, आणि पितळ मात्र दुबळें होतें. तरी वाचकांनीं माळे काढतांना अशी पेटी सांपडल्यास ती मुलांच्या हातीं देऊं नये, मोडींत घालूं नये, पिशवींत घालून स्वतः नेऊंही नये. आहे तेथेंच ठेवून ठाण्यांत वर्दी द्यावी. आठवण ठेवावयाची तर पणजोबांच्या त्या जानव्याच्या किल्लीची ठेवावी.