न दुखणाऱ्या कमरांचा एमआरआय

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथे डॉ. मॉरीन जेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९८ जणांच्या कमरेचा एमआरआय काढला. त्यांपैकी एकाचीही कंबर दुखत नव्हती. या फिल्म्समध्ये त्यांनी आणखी २७ जणांच्या फिल्म्स मिसळल्या. हे २७ जण कंबरदुखीचे रुग्ण होते आणि त्यांच्या फिल्म्समध्ये दोष स्पष्ट दिसत होते. मग सगळा गठ्ठा दोन न्यूरोरेडिओलॉजिस्टपुढे ठेवला गेला. कुठली फिल्म दुखणाऱ्याची आणि कुठली धडधाकट माणसाची, हे त्यांना सांगितलं नव्हतं. दोघांनी एकमेकांशी न बोलता दोन मणक्यांमधल्या प्रत्येक चकतीबद्दल, म्हणजे डिस्कबद्दल, आपलं मत नोंदवलं.

हा निकाल १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. कसलाही त्रास नसलेल्या त्या ९८ जणांपैकी ५२ टक्क्यांची किमान एक चकती फुगलेली होती, २७ टक्क्यांची चकती एका बाजूने बाहेर डोकावत होती. सगळ्या चकत्या ठीकठाक असलेले निघाले जेमतेम ३६ टक्के.

पुढे २०१५ साली अशा अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात कंबर न दुखणाऱ्या ३,११० जणांच्या तपासण्या होत्या. विशीतल्या ३७ टक्के तरुणांच्या चकत्यांची झीज सुरू झालेली दिसली, तर ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्क्यांवर पोचलं. केस पिकावेत तशा चकत्याही वयानुसार झिजतात, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

आता आपल्याकडचं नेहमीचं चित्र डोळ्यांपुढे आणा. चाळिशीतल्या माणसाची कंबर धरते, चार दिवसांत एमआरआय होतो आणि रिपोर्टमध्ये ‘एल फोर-एल फाइव्ह डिफ्यूज डिस्क बल्ज’ असं छापून येतं. घरी सांगताना त्याचं ‘मणक्यात गॅप आलाय’ होतं. वाकणं बंद, बादली उचलणं बंद, बस-रिक्षाचे धक्के नकोत म्हणून प्रवास बंद, वर कमरेला पट्टा. दुखणं चार-सहा आठवड्यांत ओसरलं तरी ‘आपला मणका कमकुवत आहे’ ही भीती मात्र वर्षानुवर्षं मुक्काम ठोकते. हा तोटा फिल्मवर दिसत नाही, पण तो खरा आहे आणि मोठा आहे.

चकतीवर सगळा दोष ठेवण्याची सवय १९३४ पासूनची. त्या साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोन शल्यविशारदांनी एक लेख प्रसिद्ध केला. पाठीच्या कण्यातून काढलेल्या कूर्चेच्या काही ‘गाठी’ त्यांनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. त्यातल्या अनेक गाठी नव्हत्याच. तो फाटलेल्या चकतीचा बाहेर आलेला गर होता. कमरेपासून पावलापर्यंत कळ जाणाऱ्या सायटिकाचं कोडं त्यामुळे मोठ्या प्रमाणात सुटलं, आणि ते काम अस्सल होतं. गफलत नंतर झाली. पायात कळ नसलेल्या, निव्वळ कंबर दुखणाऱ्या माणसालाही तेच निदान चिकटवलं जाऊ लागलं. प्रत्यक्षात कंबरदुखीच्या ८५ ते ९० टक्के रुग्णांत दुखण्याचं बोट ठेवून दाखवता येईल असं एकच मूळ सापडत नाही.

खरोखर बाहेर आलेल्या चकतीचीही एक गोष्ट रुग्णाला क्वचितच सांगितली जाते. ती आक्रसते. बाहेर पडलेला गर शरीराला परका वाटतो, त्याभोवती नव्या रक्तवाहिन्या उगवतात आणि भक्षक पेशी तो गर हळूहळू फस्त करतात. तुकडा जितका मोठा आणि सुटा, तितकी तो नाहीसा होण्याची शक्यता जास्त. नुसती फुगलेली चकती मात्र सहसा तशीच राहते. म्हणजे रिपोर्टमध्ये ज्याचं वर्णन सर्वांत भयंकर वाटतं, त्याच तुकड्याला शरीर बऱ्याचदा स्वतःहून मार्गी लावतं.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाखेमसन यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. साठच्या दशकात त्यांनी जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. आडवं झोपल्यावर दाब सर्वांत कमी, उभं राहिल्यावर त्याहून जास्त आणि आधाराशिवाय बसल्यावर आणखी जास्त, असं त्यांच्या मोजमापात आलं. त्यांचे आलेख जगभर फिजिओथेरपीच्या वर्गांत शिकवले गेले. आडवं होण्यात दाब सर्वांत कमी असेल, तर कंबर दुखल्यावर पडून राहावं, हे तर्काला धरूनच वाटत होतं.

तर्क बरोबर वाटला तरी तो माणसांवर पारखून घ्यावा लागतो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत रिचर्ड डेयो यांच्या गटाने २०३ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला दोन दिवसांची विश्रांती सांगितली, दुसऱ्याला सात दिवसांची. १९८६ मध्ये आलेल्या निकालात सात दिवसवाल्यांचे सरासरी ५.६ दिवस खाडे झाले, दोन दिवसवाल्यांचे ३.१. दुखणं, हालचाल, बाकी कशातही फरक नव्हता. म्हणजे जास्तीच्या विश्रांतीने हाती काहीच लागलं नव्हतं.

१९९५ मध्ये हेलसिंकीने त्याहून सरळ प्रश्न विचारला. महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांची कंबर नुकतीच धरली होती. काहींना दोन दिवस अंथरुणात राहायला सांगितलं. काहींना पाठ वाकवण्याचे हलके व्यायाम दिले. उरलेल्यांना एवढंच सांगितलं की, झेपेल तितकं रोजचं काम चालू ठेवा. तीन आठवड्यांनी पाहिलं आणि बारा आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, तर सर्वांत चांगली प्रगती या तिसऱ्या गटाची होती. सर्वांत सावकाश बरे झाले ते अंथरुणातले.

त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे. प्रौढ माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण वरच्या-खालच्या मणक्यांच्या पृष्ठभागातून झिरपत आत येतं. मणक्यांना चिकटून असलेले खोल स्नायू दुखण्यात लवकर रोडावतात आणि दुखणं थांबल्यावर आपोआप पूर्वपदावर येतातच असं नाही. पडून राहण्याने यातलं काहीच सुधारत नाही.

आणि नाखेमसन? ज्यांच्या सुईने आडवं होण्याला शास्त्राचा आधार दिल्यासारखं वाटलं होतं, तेच पुढे गोथेनबर्गच्या व्होल्वो कारखान्यातल्या प्रयोगात सामील झाले. कंबरदुखीने आठ आठवडे रजेवर असलेल्या १०३ कामगारांपैकी एका गटासाठी फिजिओथेरपिस्ट थेट कारखान्यात गेले. कामगार काय उचलतो, कसा उभा राहतो, हे त्यांनी जागेवर पाहिलं. मग प्रत्येकासाठी व्यायामाचा कोटा आधीच ठरवला. आज दुखतंय म्हणून कमी करायचं नाही, आज बरं वाटतंय म्हणून जास्तही करायचं नाही, कोटा टप्प्याटप्प्याने वाढवायचा. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात हा गट बाकीच्यांपेक्षा लवकर कामावर रुजू झाला. दुखणं आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या कामगारांना भाषणातून कळलं नाही. त्यांच्या पाठीला रोज थोडा जास्त भार सहन करून ते कळलं.

कडक बिछान्याचा सल्लाही याच वेळी तपासून घेण्यासारखा. स्पेनमध्ये फ्रान्सिस्को कोवाक्स यांच्या गटाने जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना कडक किंवा मध्यम कडक गाद्या दिल्या. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालात ९० दिवसांनी मध्यम गादीवाले सरस ठरले. ज्यांना फरशीवर चटई टाकून बरं वाटतं त्यांनी खुशाल झोपावं. पण पाठीसाठी म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाची गादी काढून फळी घालण्याला आधार नाही.

औषधांबाबत थोडक्यात. ऑस्ट्रेलियात १,६५२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत पॅरासिटामॉल नियमित घेणारे १७ दिवसांत बरे झाले, लागेल तेव्हा घेणारेही १७ दिवसांत आणि साखरेच्या गोळ्या घेणारे १६ दिवसांत. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली, तीत अफूजन्य वेदनाशामकं, कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन यांचा नेहमीचा वापर नको असं म्हटलं आहे. आपल्याकडे वजनं लटकवून ट्रॅक्शन देण्याचं चलन अजून जोरात आहे, म्हणून हे मुद्दाम नोंदवायचं.

हे सगळं बहुसंख्यांसाठी झालं. ज्यांच्या कमरेमागे खरोखर दुसरा आजार दडलेला असतो, त्यांना ‘चालत राहा’ एवढंच सांगून घरी पाठवणं धोक्याचं आहे. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली किंवा पाय लुळा पडू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. आपल्या देशात तर मणक्याचा क्षयरोग डोक्यात असलाच पाहिजे. संध्याकाळचा बारीक ताप, घटत जाणारं वजन, रात्री झोपू न देणारी कळ ही त्याची खूण. पहाटे आखडलेल्या पाठीने जाग येते आणि हालचाल केल्यावर मोकळं वाटतं, असं महिनोन् महिने चाललेल्या तरुणाला संधिवातज्ज्ञाची गरज असू शकते. अशा वेळी एमआरआयला पर्याय नाही, आणि तो लवकर व्हायला हवा.

बाकीच्यांनी करायचं काय, यावर गेल्या काही वर्षांत उत्साह वाटावा असं काम झालं आहे. पर्थ आणि सिडनीतल्या २० दवाखान्यांत ४९२ रुग्णांवर एक चाचणी झाली. फिजिओथेरपिस्टनी रुग्णाचं म्हणणं सविस्तर ऐकून घेतलं. ज्या हालचालीची त्याला भीती, नेमकी तीच त्याच्याकडून सुटसुटीत श्वास घेत करवून घेतली. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार वर्षभरानंतरही या रुग्णांचं चलनवलन नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा ठळकपणे चांगलं होतं.

पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगपद्धतीचीही परीक्षा झाली, ती इंग्लंडात. यॉर्क विद्यापीठाच्या देखरेखीखाली जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांवर ही चाचणी झाली. एका गटाला तीन महिन्यांत योगाचे १२ वर्ग दिले गेले. त्यातले शिक्षक अय्यंगार परंपरेतले आणि ब्रिटिश व्हील ऑफ योगचे होते. वर्षभर या गटाचं उठणं-बसणं, जिने चढणं, मोजे घालणं असली कामं दुसऱ्या गटापेक्षा सुकर राहिली. वेदनेचे गुण मात्र दोन्ही गटांत सारखेच होते. योगाचा प्रचार करताना या निकालाचा दुसरा अर्धा भाग गाळला जातो, तो गाळू नये. दुखणं तेवढंच असूनही माणूस जास्त कामं करू शकला, ही लहान गोष्ट नाही.

सर्वांत स्वस्त उपाय तपासला तो सिडनीच्या मॅक्वॉरी विद्यापीठाने. नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टने सहा महिन्यांत सहा वेळा भेटून चालण्याचं वेळापत्रक आखून दिलं. आठवड्यातून पाच दिवस, हळूहळू अर्ध्या तासापर्यंत. बूट सोडले तर खर्च काही नाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. न चालणाऱ्या गटात कंबर पुन्हा धरायला मध्यकानुसार ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांत २०८. कामावरचे खाडे आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्याही जवळपास निम्म्यावर आल्या.