फुटलेली सोलर प्लेट भंगारात देण्याआधी

गारपिटीत फुटलेली सोलर प्लेट भंगारवाल्याला द्यावी का, असं आमच्या गटांतल्या बाया हल्ली विचारतात. कुणी ती कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलीय, कुणाची गोठ्यामागे पडून आहे.

चांगली प्लेट साधारण 25 वर्षं चालते. पण गारा, वादळ आणि माकडं तेवढी वाट बघत नाहीत. प्लेटच्या वजनात जवळजवळ पाऊण हिस्सा काचच. बाकी ॲल्युमिनियमची चौकट, प्लास्टिकचा थर, तांबं, सिलिकॉन आणि किंचित चांदी. भंगारवाल्याला हवी असते चौकट आणि वायर. काच तो फोडून टाकतो, ओढ्याकाठी नाहीतर आपल्याच बांधावर. आतल्या पट्ट्यांच्या झाळकामात बहुधा शिसं असतं. चुरा झाला की पावसाबरोबर ते मातीत उतरू शकतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला बाधतं. म्हणून चौकट काढायला पोरांना हातोडी देऊ नका, आणि तांब्यासाठी वायर जाळू नका.

फुटलेली प्लेटही उन्हात वीज करते बरं का! पंपाच्या प्लेटा एकमेकींना जोडलेल्या असतात, झटका जबर बसतो. सोडवायला मेकॅनिकच बोलवा. मग ती आहे तशी झाकून, कोरड्या जागी ठेवा.

सरकारी योजनेतल्या सौर पंपाला 5 वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा असतो. आधी फोटो काढा, तक्रार नोंदवा. प्लेटच विकून टाकली तर दाखवणार काय?

1 एप्रिल 2023 पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. त्यांत सोलर प्लेटा आल्या, आणि जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आली. नियम चांगला आहे, पण कंपनीची गाडी वाडीपर्यंत आलेली आम्ही तरी पाहिली नाही. एका प्लेटेसाठी कुणी येणारही नाही. गावातल्या सगळ्या प्लेटा एकत्र ठेवायला ग्रामपंचायतीकडे एक कोरडी खोली मागा. ठराव ग्रामसभेत मांडा, पुरवठादाराला लेखी कळवा.

घरच्या दिव्यांची जुनी ॲसिडवाली बॅटरी मात्र प्लेटेपेक्षा घातक. तिचं अर्ध्याहून जास्त वजन शिशाचंच असतं. ॲसिड मोरीत ओतू नका, बॅटरी उघडू नका. नवी घेताना जुनी दुकानात परत द्या. तिचे पैसे वजा करून घ्या आणि तशी पावती मागा.