खरवस : वासराचा वाटा आणि आपला

गाय अगर म्हैस व्याली की चिकाचा तांब्या शेजारीपाजारी पोचता करावयाचा, हा आपल्याकडील जुना परिपाठ होय. शहरात गोठा नसला तरी गवळ्याकडून चीक मिळतो, व घरातील थोरामोठ्यांपासून मुलांपर्यंत सर्वांस खरवसाची गोडी असतेच. परंतु हा चीक प्रथम कोणाच्या वाट्याचा, हे गृहिणीने ध्यानी घ्यावे.

वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगप्रतिकारक द्रव्ये जवळजवळ नसतात. ती त्यास चिकातूनच मिळावयाची. आणि ती आतड्यांतून रक्तात जशीच्या तशी शिरण्याची सोय पहिल्या सुमारे २४ तासांपुरतीच असते. त्यातही आरंभीचे काही तास फार मोलाचे. पहिल्या दिवशी वासराच्या पोटात त्याच्या वजनाच्या दशांशाइतका, म्हणजे २५ किलोच्या वासरास अडीच लिटर, चीक जावा. उरेल तो आपला.

खरवस विरजणावाचून थिजतो, तोही याच द्रव्यांच्या योगाने. साध्या दुधात प्रथिने शेकडा ३ च्या आसपास, तर पहिल्या धारेच्या चिकात ती शेकडा १४ पर्यंत असतात, व त्यांपैकी पुष्कळशी उष्णतेने घट्ट होणारी असतात. प्रत्यक्ष विस्तवावर चीक तळाशी लागतो व फाटतो. वाफेवर मात्र सर्व बाजूंनी सारखी ऊब लागून वडी एकजीव होते.

कृती : पहिल्या दिवसाच्या एक वाटी चिकात दीड ते दोन वाट्या थंड दूध घालावे. चवीप्रमाणे चिरलेला गूळ त्यात विरघळवून मिश्रण गाळावे. वेलदोड्याची पूड व किंचित जायफळ घालावे. आधी लहान वाटीत थोडे वाफवून पाहावे. फार घट्ट झाल्यास दूध वाढवावे, न थिजल्यास चीक. मग डबा मोदकपात्रात ठेवून, झाकणाचे पाणी आत पडू नये म्हणून त्यास फडके बांधून, वीस-पंचवीस मिनिटे वाफवावे. सुरीचे टोक स्वच्छ निघाले की उतरावे. अधिक वाफेने खरवस चिवट होऊन त्यास जाळी पडते. पूर्ण निवाल्यावरच वड्या कापाव्यात.

गवळ्यास चीक सांगताना भावाआधी एवढेच विचारावे : वासरू प्याले काय? उत्तर समाधानकारक नसल्यास दुसऱ्या दिवसाचा चीक घ्यावा. तो पातळ असतो. त्यात दूध कमी घातले म्हणजे खरवस तितकाच रुचकर होतो.