फोनवर ओरखडा का पडतो? उत्तर खडी क्रशरमध्ये आहे!

माझं ऑफिस हिंजवडीत, म्हणजे मुळशी तालुक्यातच. काम कोड लिहिण्याचं. पण गेल्या वर्षी पिरंगुटजवळ खडी क्रशर चालवणाऱ्या मित्राने विचारलं, "च्यूटला परत भोक पडलंय. सगळीकडे सिरॅमिक लावून टाकू का?" च्यूट म्हणजे खडी खाली सोडणारी लोखंडी घसरगुंडी. भोक पडलं की प्लांट बंद, आणि वेल्डर आत उतरून ठिगळ मारणार. खर्च मोठा होता, म्हणून म्हटलं, आधी समजून घेऊ.

पत्रा का झिजतो?

कठीणपणा मोजायला १ ते १० अशी मोह्स स्केल असते. साधं स्टील ४-५ च्या आसपास, आपल्याकडचा काळा दगड (बेसाल्ट) साधारण ६, वाळूतला क्वार्ट्झ ७. वरचा नंबर खालच्याला ओरबाडतो. फोनची काच साधारण ६ ची, म्हणून खिशातली वाळू तिलाही ओरबाडते!

सिरॅमिक म्हणजे कपबशी नव्हे

लायनिंगच्या फरशा अल्युमिनाच्या असतात. पावडर दाबून साधारण १६०० अंशांना भाजतात. कठीणपणा ९. आयफोन ५ पासून कॅमेऱ्यावर सफायर काच आली ना, तिचं रसायन हेच: अल्युमिनियम ऑक्साइड.

मग सगळीकडे लावायचं?

नाही! मीही आधी 'हो' म्हणणार होतो. पण कठीण म्हणजे न फुटणारं नव्हे. फोनच्या काचेवर चावीने सहसा ओरखडा पडत नाही, पण फोन कोपऱ्यावर पडला की ती तडकते. सिरॅमिकचंही तसंच. खडी घसरते तिथे ते उत्तम; मोठा दगड उंचावरून थेट आदळतो तिथे तडकतं. तिथे मँगनीज स्टील किंवा रबरावर बसवलेल्या फरशा लावतात. नाहीतर कप्पा करून त्यात खडीच साठू देतात. दगड दगडावर आदळतो, पत्रा वाचतो.

अजून एक: फरशांचे सांधे खडीच्या दिशेने सरळ रेषेत नकोत. विटांच्या भिंतीसारखे सरकवून लावायचे, नाहीतर बारीक कच त्या फटीत चर पाडते आणि फरशी सुटते.

मित्राने घसरणीच्या भागातच सिरॅमिक लावलं, आदळण्याच्या जागी मँगनीज स्टील. पैसे वाचले, आणि वेल्डरला आता सारखं च्यूटमध्ये उतरावं लागत नाही.

आणि तुम्ही? स्क्रीन पुसण्याआधी धूळ फुंकून काढा. नाहीतर रुमालाखालचा वाळूचा एक कण पुरेसा आहे!