सतरा मिनिटं आधीचा सूर्य

भाची मुंबईत विलेपार्ल्याला राहते. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी जळकोटहून फोन करतो, "उजाडलं गं, अंघोळ झाली का?" तिकडून दरवर्षी तेच उत्तर, "मामा, इकडं अजून अंधारच आहे." हे ऐकायलाच मी फोन करतो. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटं घेते आणि जळकोट-मुंबईच्या रेखांशांत ४.३ अंशांचा फरक आहे. म्हणून सूर्य आमच्या गच्चीवर तिच्यापेक्षा सुमारे १७ मिनिटं आधी येतो.

याच हिशेबानं विमानाचं अंतरही घरबसल्या निघतं. आमच्या जवळचं नांदेड आणि मुंबई दोन्ही १९ अक्षांशाच्या आसपास. तिथं रेखांशाचा एक अंश म्हणजे साधारण १०५ किलोमीटर. दोन्ही विमानतळांत ४.४५ अंशांचं अंतर. गुणाकार साधारण ४६७ किलोमीटर. मनमाडमार्गे रेल्वेला हेच ६०० च्या वर पडतं. नांदेड-अमृतसरचा फरक त्याहून मोठा: सरळ रेषेत १,४०० च्या थोडं पुढं, सचखंड एक्स्प्रेसनं २,००० हून अधिक.

वेळेचं गणित मात्र वेगळं. पंख्याचं एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरनं जातं, म्हणजे मुंबई तासाभरात यायला हवी. पण धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरण्यासाठी रांगेत थांबणं, यांत वीस-पंचवीस मिनिटं जातातच. हिवाळ्यात समोरून पश्चिमेचा वारा असतो तो वेगळाच. लंडन-पॅरिस तर ३५० किलोमीटरही नाही, तरी वेळापत्रकात सव्वा तास लिहिलेला असतो. अंतर जितकं कमी, तितका जमिनीवरच्या वेळेचा वाटा जास्त.



मला खरी ओढ आहे ती असे अंश भारतात जमिनीवर मोजणाऱ्या माणसाची. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीनं साडेसात मैलांची एक रेघ मोजली. त्याला ५७ दिवस लागले. पुढं साखळीचं काम थोडं, कोनांचं जास्त. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू कागदावर निघतात. त्या बाजूवर पुढचा त्रिकोण. कोन मोजायचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट टेकड्यांवर चढवत ही माणसं उत्तरेकडं सरकली. साचलेली चूक पकडायला मध्येच पुन्हा साखळी टाकायची. तशी एक रेघ १८१५ मध्ये बिदरजवळ मोजली गेली. आमच्या उदगीरच्या शेजारचं बिदर! लहानपणी किल्ला बघायला किती वेळा गेलो, पण ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. भूगोलाच्या तासाला ती सांगायलाच हवी होती, असं मला आजही वाटतं.

लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले, काम चालू असतानाच. त्यांचं थडगं तिथंच आहे. दोन वर्षांमागं मी ते मुद्दाम पाहून आलो. निघण्याआधी ॲटलासवर दोरा धरून पट्टीला लावला: जळकोट-हिंगणघाट, सरळ रेषेत २७५ किलोमीटर. विमानाला अर्धा तास पुरला असता. मी पहाटे जांबच्या रस्त्यानं एसटीत बसलो आणि गाड्या बदलत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.