विम्याचा मध्यस्थ कोणाच्या बाजूचा ?

लग्न जुळविणारा मध्यस्थ दारीं आला म्हणजे आपल्याकडील वडील मंडळी त्याच्यापुढें चहा येण्यापूर्वींच मनांत एक गोष्ट ठरवून टाकीत : हा गृहस्थ मुलाकडचा कीं मुलीकडचा ? त्याच्या बोलण्यांतील कोणतें वाक्य किती खरें धरावयाचें, हें त्या एका उत्तरावर अवलंबून असे. विम्याचे कागद घेऊन येणाऱ्या मनुष्यास मात्र हा प्रश्न आपण कधींच विचारीत नाहीं. तो हसतमुख असतो, बहुधा ओळखीचा असतो, कधीं दूरचा आप्तही असतो. आणि तो दाखवील तेथें सही करून आपण मोकळे होतों.

आमच्या निकटच्या परिचयांतील एका कुटुंबास या मोकळेपणाची किंमत द्यावी लागली. ता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं पुण्यास आंबिल ओढ्याला पूर आला आणि कांठच्या सोसायट्यांच्या आवारांत पाणी शिरलें. या कुटुंबाची मोटार त्या पाण्यांत सांपडली. पाणी ओसरल्यावर, मोटार चालू होते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं थोरल्या चिरंजिवांनीं किल्ली फिरविली. एंजिनांत पाणी गेलेलें होतें. तें तत्क्षणीं निकामी झालें. विमा होता, हप्ताही वेळेवर भरलेला होता. परंतु कंपनीनें कळविलें कीं, पुरानें झालेलें बाकीचें नुकसान भरून देऊं. एंजिनाचें नुकसान पाणी आंत असतां तें चालू केल्यामुळें झालें आहे, सबब तें कराराबाहेरचें आहे. एंजिनाच्या संरक्षणासाठीं निराळें जोडकलम घेतां येतें, हें त्या घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें. मोटार घेतली त्या दुकानांतच विम्याचे कागद तयार मिळाले होते. कंपनीनें फसविलें असें म्हणतां येणार नाहीं. ती करारास धरूनच वागली. त्या घराच्या बाजूनें करार वाचणारा कोणी नव्हता, हें खरें दुखणें.

आपल्या वडिलांच्या काळीं निवडीचा प्रश्नच नव्हता. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचा धंदा सरकारच्या हातीं गेला आणि १०७ कंपन्या एकवटून चार कंपन्या झाल्या. १९९९ च्या कायद्यानें खाजगी कंपन्यांना पुन्हा वाट मिळाली. २००२ सालीं विमा-दलालांसाठीं नियम झाले. आणि १ जानेवारी २००७ पासून बहुतेक दरांवरील नियंत्रण उठलें. तेव्हांपासून एकाच मोटारीस दोन कंपन्या दोन दर सांगूं लागल्या, आणि निवड करण्याचें काम आपल्या अंगावर पडलें.

आज भेटणारे मध्यस्थ मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. पहिला एजंट. सर्वसाधारण विम्यांत तो एका वेळीं एकाच कंपनीचें काम करतो. तो तिचा प्रतिनिधि आहे, आणि तिच्या मालाखेरीज दुसरा माल त्याच्या पिशवींत नसतो. दुसरा प्रकार बँकेचा किंवा मोटारीच्या दुकानाचा. त्यांचे ठराविक कंपन्यांशीं संबंध असतात. तेथलाच विमा घ्या असा आग्रह होतो. पण तसें बंधन ग्राहकावर नाहीं. तिसरा ब्रोकर, म्हणजे विमा-दलाल. २०१८ च्या नियमांप्रमाणें त्यास विमा नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, आणि आपल्या चुकीनें ग्राहकाचें नुकसान झाल्यास तें भरून देतां यावें म्हणून स्वतःचाही विमा उतरवावा लागतो. तो कोणा एका कंपनीशीं बांधलेला नसतो. अनेकांचे दर व कलमें आणून तो समोर ठेवूं शकतो. कायद्याच्या दृष्टीनें तो ग्राहकाच्या बाजूचा मनुष्य आहे. अमेरिकेंत राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांच्या पत्रांत ‘स्वतंत्र एजंट’ असा उल्लेख येतो. तेथें असा एजंट अनेक कंपन्यांचें काम करतो. आपल्याकडे ती जागा ब्रोकरची.

आतां त्याच्याकडून काय करून घ्यावें ? मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. आपल्या मोटारीमुळें परक्यास झालेल्या इजेचा भाग कायद्यानें सक्तीचा आहे. त्याचा दर केंद्र सरकार ठरवितें व तो सर्वत्र सारखाच असतो. तेथें घासाघीस करण्यासारखें कांहीं नाहीं. तुलना करावयाची ती स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीच्या भागाची. येथें ‘सर्वांत स्वस्त’ या शब्दास भुलूं नये. मोटारीची विम्यासाठीं धरलेली किंमत खालीं ओढली कीं हप्ता आपोआप उतरतो. पण मोटार चोरीस गेली तर हातीं येणारी रक्कमही तितकीच उतरते. यादींतील किंमत ८ लाख असलेली मोटार दोन वर्षें पुरीं होऊन तिसऱ्यांत असली, तर नेहमींच्या कोष्टकाप्रमाणें ३० टक्के वजा जाऊन ५ लाख ६० हजार धरले जातात. कोणी ५ लाखांवर स्वस्त दर सांगत असेल, तर तो स्वस्त नव्हे, अपुरा आहे. रबर, प्लास्टिक इत्यादि भागांची भरपाई साध्या करारांत निम्मीच मिळते. ती पुरी मिळण्यासाठीं वेगळें कलम लागतें. एंजिनाचें कलम वर आलेंच आहे. शिवाय मागणी न केलेल्या वर्षांची सवलत पहिल्या वर्षीं २० टक्के असून पांच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते. बारीकसा ओरखडा पडला असतां भरपाई मागून ही सवलत गमवावी कीं नाहीं, हा हिशेब चांगला ब्रोकर आपण होऊन मांडून दाखवितो.

घराच्या विम्याविषयीं आपल्याकडे फारच उदासीनता आहे. मोटारीचा विमा आपण सक्तीनें उतरवितों. जन्माची पुंजी ज्यांत घातली तें घर मात्र तसेंच राहतें. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ या नांवाचा एकाच नमुन्याचा करार कंपन्यांना द्यावा लागतो. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप यांपासून होणारें नुकसान त्यांत येतें. येथें जागेचा बाजारभाव धरीत नाहींत. पुन्हा बांधण्याचा खर्च धरतात. समजा, फ्लॅट ८०० चौरस फुटांचा आहे व बांधकामास चौरस फुटास २,५०० रुपये लागतात. तर विमा २० लाखांचा. मग त्याची बाजारांतील किंमत कोटीच्या घरांत कां असेना ! सामानासाठीं या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतें. परंतु साधी घरफोडी त्यांत येत नाहीं, आणि दागिन्यांसाठीं निराळी नोंद करावी लागते. ज्या घरांत आजेसासूबाईंच्या पाटल्या कपाटांत आहेत, त्या घरानें हें अवश्य विचारावें.

एकत्र कुटुंबांत आणखी एक अडचण संभवते. घर कैलासवासी आजोबांच्या नांवावर, मोटार वडिलांच्या नांवावर, आणि हप्ता भरतो धाकटा मुलगा ! मोटारीचा धनी एकटाच असून तो वारला, तर विमा मृत्यूपासून तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यांपैकीं जें आधीं येईल तोंवरच टिकतो. दुःखाच्या दिवसांत हें कोणाच्या ध्यानांत येणार ? ब्रोकरपुढें पहिल्याच भेटींत सर्व कागद मांडावे, तें यासाठींच.

ब्रोकर म्हणजे साधुपुरुष, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. त्याचें मानधन बहुधा कंपनीकडूनच येतें, तेव्हां त्याचा ओढा कोठें तरी असूं शकतो. त्याचा नोंदणी-क्रमांक प्राधिकरणाच्या यादींत पडताळून पाहावा. दर किती कंपन्यांचे आणले, त्यांतला हाच कां सुचविला, आणि या करारांत काय काय येत नाहीं, हीं उत्तरें लेखी घ्यावीं. हप्त्यांतून कांहीं रक्कम परत करण्याचें आमिष कोणी दाखवील तर त्यास नम्रपणें निरोप द्यावा. १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमानें तें निषिद्ध आहे. वाद झालाच तर आधीं कंपनीस लेखी कळवावें, आणि समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावें. त्याचें कार्यालय मुंबईस व पुण्यासही आहे. तेथें शुल्क पडत नाहीं, आणि ब्रोकरविरुद्धही तक्रार करतां येते.

वर सांगितलेल्या कुटुंबानें पुढील वर्षीं एका ब्रोकरमार्फत विमा घेतला. त्यानें आणलेल्या तीन दरांपैकीं मधला त्यांनीं पत्करला. एंजिनाचें कलम त्यांत होतें. कागद हातीं देतांना तो गृहस्थ थोरल्या चिरंजिवांना एवढेंच म्हणाला, “पुन्हा पाणी आलें तर, कलम असलें तरी किल्ली फिरवूं नका. मोटार ओढून कारखान्यांत न्या, आणि आधीं मला फोन करा.” एवढें सांगणारा मनुष्य त्यांना एक वर्ष अगोदर भेटावयास हवा होता.